समुद्र उजव्या हाताला ठेवा

घाटवाट : प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त एसटी चालकाची

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही गणपतीपुळ्याला आणि तिथून समुद्राकाठच्या रस्त्यानं मालवणला जाणार आहोत. गाडी घरची, चालवणार हे. मला लहानपणापासून गाडी लागते. मलकापूर मागं पडलं की तोंडाला पाणी सुटायला लागतं. त्यात आता दरीची भीतीही बसली आहे. गेल्या खेपेला रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरच्या आरे-वारेच्या चढावर मी डोळे मिटून ओरडत होते आणि पोरं हसत होती. पुढं बसले तर दरी दिसते, मागं बसले तर उलटी होते. घरीच राहू का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, घरी कशाला राहताय? ‘पुढं बसले तर दरी, मागं बसले तर उलटी’ हे तुम्ही बरोबर पकडलंय. तुमची दुखणी दोन आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतोय. तेव्हा दोन्ही वेगळी करून बघू.

गाडी लागणं हे पोटाचं दुखणं नव्हेच. कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. गाडी वळली की ते पाणी हलतं आणि मेंदूला वर्दी जाते की आपण वळलो. तुम्ही मागं बसून पुढच्या सीटची पाठ बघत असता. ती तर जागची हललेली नसते. डोळे म्हणतात आपण बसून आहोत, कान म्हणतो फिरतोय. या दोघांच्या भांडणात पोट ढवळून निघतं. स्टिअरिंगवरच्या माणसाला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण त्याच्याच हातातून निघतं, त्याला ते आधी ठाऊक असतं. आमच्याकडं नवीन कंडक्टर मात्र घाटात मान खाली घालून तिकिटाचा हिशेब करायला लागला की हिरवा-पिवळा व्हायचा. म्हणून तुम्ही पुढंच बसायचं. नजर बॉनेटवर नको, वळणाच्या पलीकडं रस्ता जिथं दिसेनासा होतो तिथं ठेवायची. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवायचं. मागं वळून पोरांना दामटणं, पर्समध्ये काही शोधणं, फोनवर मेसेज बघणं घाट संपेपर्यंत बंद.

आता दरीचं. आपल्याकडं पुढची मोकळी सीट डाव्या हाताला. तिथून खाली बघितलं की दरवाजाच्या आड रस्त्याची कड लपते. दिसते ती थेट दरी. जिवाला वाटतं, चाक हवेत आहे. खरं तर चाकाच्या बाहेर साइडपट्टी असते, कठडा असतो. पण हे कळून भीती जात नाही, मला ठाऊक आहे. ती सीट दरीच्या बाजूला येणारच नाही असं काही करता आलं तर बघायचं. घाटात ते जमत नाही, तिथं दरी बाजू बदलत राहते. समुद्राकाठी मात्र जमतं.

नकाशा डोळ्यापुढं आणा. समुद्र पश्चिमेला. आपण चालतो रस्त्याच्या डाव्या बाजूनं. रत्नागिरीहून उत्तरेला गणपतीपुळ्याकडं निघालात की समुद्र डावीकडं, म्हणजे तुमची गाडी कड्याच्या बाजूला आणि तुम्ही त्याहून कडेला. गेल्या खेपेला असंच गेला असणार. तोच रस्ता उत्तरेकडून दक्षिणेला धरला की समुद्र उजव्या हाताला जातो, मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची अख्खी लेन येते आणि तुमच्या खिडकीला डोंगर लागतो. रस्ता तोच, वळणं तीच, पण बसणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक.

तेव्हा आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा झालं की रत्नागिरी शहरात शिरू नका. निवळीहून चाफे गावावरून जाणाऱ्या आतल्या रस्त्यानं थेट गणपतीपुळं गाठा. तो रस्ताही वळणावळणाचा आहे, पण झाडी आणि वाड्या आहेत, कडा नाही. मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी नेवरे, आरे-वारे करत रत्नागिरीत उतरा. पुढं पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्गाची बाजू, देवगड, कुणकेश्वर, आचरा आणि मालवण. सगळीकडं दक्षिणेला तोंड, सगळीकडं समुद्र उजवीकडं. परत येताना किनाऱ्यानं येऊच नका. कणकवलीहून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे घरी.

आणखी एक. ‘समुद्राकाठचा रस्ता’ म्हटलं की लोकांना वाटतं दिवसभर लाटा दिसणार. तसं नाही. आरे-वारेसारखे तुकडे सोडले तर हा रस्ता बहुतेक वेळ जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे तांबड्या दगडाच्या पठारावरून जातो. सडा सपाट, तिथं तुम्हाला काही होणार नाही. त्रास खाडीपाशी. पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गाजवळ वाघोटण. प्रत्येक ठिकाणी सड्यावरून खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा वर चढायचं. वळणं तिथं एकवटलेली असतात. म्हणून उतार लागायच्या आधी सड्यावर गाडी थांबवा, पाच मिनिटं पायी फिरा, दोन घोट पाणी प्या आणि मग उतरा. उलटी यायला लागल्यावर थांबण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या यजमानांशी निघायच्या आधी घरीच एक ठरवून घ्या. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की पुढच्या रुंद जागेवर ते थांबतील; वळणावर नाही, पण वादही घालणार नाहीत. हा शब्द पाळला जातो असं कळलं की निम्मी भीती तिथंच उतरते, कारण मग तुम्ही गाडीत कोंडलेल्या नसता. बाकी वेळ श्वास सावकाश. आत घ्यायला लागतो त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. मळमळीलाही याचा उपयोग होतो.

शिवाय दिवाळीपर्यंत वेळ आहे तर सराव करा. पन्हाळा कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटर. मंगळवार-बुधवारची सकाळ धरा (रविवारी नको, गर्दीत गाड्या वळणावर अडकतात आणि तुमचा धीर सुटेल). पहिल्यांदा नुसतं वाघबिळापर्यंत जाऊन चहा पिऊन परत. मग वर गडापर्यंत. मग जोतिबाच्या बाजूनं. दरवेळी पुढच्या सीटवर, डोळे उघडे. भीती एकदम जात नाही, पण ती वाढत वाढत जाऊन मग आपोआप ओसरते, हे एकदा अंगानं बघितलं की आरे-वारेला धीर राहतो.

खाण्याचं थोडक्यात. उपाशी निघू नका, मिसळ खाऊन तर अजिबात निघू नका. इडली, खारी, साधे चुरमुरे. लसणाचं भडंग परतीला. गाडीतला सेंटचा डबा काढून टाका आणि गजराही घाट उतरल्यावर माळा.

प्रश्न : काका, नवी मोठी गाडी घेतली. घाटात मी तिशीच्या वर जात नाही, तरी आई आणि बायको दोघी ओकतात. जुन्या छोट्या गाडीत एवढं होत नव्हतं. गाडीत दोष आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भावा, दोष गाडीत नाही, तुझ्या पायात आहे. राग मानू नकोस.

खड्ड्यांनी कंबर मोडते, ओकारी येत नाही. ओकारी आणतो तो संथ हेलकावा, साधारण पाचेक सेकंदांना एक असा. उंच, मऊ सस्पेन्शनची गाडी वळणावर कलते, मग सावरते, मग पुढच्या वळणाला उलट बाजूला कलते. जुनी छोटी गाडी आदळायची, पण अशी झुलायची नाही. त्यात नवीन चालवणारा वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो, बाहेर पडताना एकदम रेस करतो. म्हणजे बाजूला झुलणं आणि पुढं-मागं ढकलणं दोन्ही. वेग तिशीचा असला तरी मागच्यांचं काय होत असेल बघ.

मागच्या सीटवर बिनझाकणाचा दुधाचा कॅन भरून ठेवलाय असं समजून चालव. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर, स्टिअरिंग एकदाच वळवून तसंच धरायचं, बाहेर पडल्यावर हळूच वाढवायचं. उतारावर, ज्या गिअरला हा घाट चढला असतास त्याच गिअरला उतरायचं. सारखा ब्रेक घासला तर तो तापतो, वास येतो, आणि तो वास नाकात गेला की आईचं पोट आणखी ढवळणार.

अरुंद ठिकाणी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबून वाट द्यायची, असा नियमच आहे. चढणाऱ्याला मध्येच थांबून पुन्हा उचलणं अवघड. हा नियम सांगितला की लोक माझ्याकडं बघतात, जणू मी आत्ताच बनवला. तो पाळलास तर समोरासमोर येऊन करकचून ब्रेक मारायची वेळच कमी येते.

आईला पुढं बसव. बायको मागं मधोमध बसली तर तिला दोन सीटांमधून समोरचा रस्ता दिसेल. पट्टा तिघांनीही लावायचा.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. मोबाइल दिला की शांत बसतो, पण नंतर उलटी करतो. मोबाइल काढून घेतला की गोंधळ घालतो. दुकानातून गोळी आणून दिली तर चालेल का? कोणती?
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर : मोबाइल आंबोली घाट संपेपर्यंत बंद. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा गाडी लागत नाही, पण तुमच्या मुलाच्या वयात ती सगळ्यात जास्त लागते आणि पुढं बहुतेकांची कमी होते. मागच्या सीटवरून त्याला काचेतून समोर दिसत नसेल तर योग्य उंचीची मुलांची सीट घ्या. लांबच्या डोंगरावर काय दिसतं ते ओळखायचा खेळ लावा, गाणी म्हणा.

गोळीचं मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहितोय. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही गाडी लागण्यावरची औषधं. ती निघण्याआधी साधारण तासभर घ्यायची असतात. घाट सुरू झाल्यावर, पोट उलटायला लागल्यावर घेतली तर ती गोळीच बाहेर पडते. या सगळ्यांनी कमीजास्त झोप येते. लहान मुलाला मात्रा वजनावर ठरते, म्हणून दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचंच नाही. घरात काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेलं कोणी असेल, कोणी गरोदर असेल, तर त्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. गाडी चालवणाऱ्यानं तर हात लावू नये.

उलटीवर म्हणून घराघरांत ओंडान्सेट्रॉन असतं, तेच लोक घाटाला घेतात. ते जुलाब-उलटीत चांगलं, पण गाडी लागण्यावर फारसं चालत नाही, असं बाईंचं म्हणणं.

प्रश्न : पोटाला वर्तमानपत्र बांधलं की गाडी लागत नाही म्हणतात. खरं का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पोटाला बांधून काय होणार? कान वर आहे. ज्याला बरं वाटतं त्यानं बांधावं, फक्त वाचायला काढू नये. लिंबाचा वास घ्या, त्यानं गाडीतला डिझेलचा वास तरी झाकतो. आलेपाक मात्र खरोखर जवळ ठेवा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण मला उतारूंमध्ये त्याचे भक्त पुष्कळ भेटले.

प्रश्न : मी एकटा एसटीनं वेंगुर्ल्याला लेकीकडं जातो. कोणती सीट मागू?
— एक आजोबा, आजरा

उत्तर : आजोबा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, जमेल तितकी पुढची. मागचा बाक मागच्या चाकाच्याही मागं लोंबतो, वळणावर तो सगळ्यात जास्त फेकला जातो. झोपायला मिळतं म्हणून लोक तिथं जातात आणि मग पिशवी मागतात. खिडकी उघडी ठेवा, डोकं आत. उलटी आलीच तर पिशवीत. घाटात खिडकीतून मान काढणाऱ्याच्या कानाजवळून समोरची गाडी जाते, ते आम्ही आरशात बघायचो आणि आमच्याच पोटात गोळा यायचा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, पुढची सीट मोकळी झाली की देतात.

प्रश्न : कोल्हापुरातून खाली उतरायला भित्र्या माणसाला कोणता घाट बरा?
— एक वाचक, कागल

उत्तर : रत्नागिरीकडं जायचं तर आंबा. कणकवली-मालवणकडं फोंडा, झाडी दाट असल्यानं दरी अंगावर येत नाही, पण दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात, तेव्हा अंधार पडायच्या आत पार करा. गगनबावड्याला दोन फाटे. करूळ घाट वैभववाडीला उतरतो. दुसरा भुईबावडा, तो अरुंद, तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. (कोल्हापूर ते वैभववाडी रेल्वेची चर्चा मी स्टिअरिंगवर होतो तेव्हापासून ऐकतोय.) सावंतवाडीला आंबोली.

पावसाळ्यात गगनबावडा आणि आंबोलीला धुकं एवढं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाच काय तो दिसतो, आणि दरडीही येतात. भित्र्या माणसानं तेव्हा जाऊ नये. न भिणाऱ्यानंही घाट चालू आहे का, हे निघायच्या आधी एसटी आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्यावं. मोबाइलमधला नकाशा बंद घाटातूनही रस्ता दाखवू शकतो.