पळणाऱ्यांचे प्रश्न: घड्याळ खोटं की रस्ता?

प्रश्न: सर, हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. माझ्या जीपीएस घड्याळात २१.४३ भरले. सव्वा दोन तासांचं टार्गेट होतं, ते दोन मिनिटांनी हुकलं. रस्ता नीट मोजतच नाहीत का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: प्रमाणित मार्ग असेल तर मोजतात, आणि तुमच्या घड्याळापेक्षा बारकाईने मोजतात. हे काम सायकलवरून चालतं. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. चाक फिरेल तसे त्यावरचे आकडे सरकतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तीच सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. मार्ग मोजून झाला की त्याच पट्ट्यावर पुन्हा चार वेळा. कारण ऊन चढलं की टायरमधली हवा तापते, चाक किंचित मोठं होतं आणि हिशेब बदलतो.

सायकल रस्त्याच्या मधून जात नाही. एका वळणाच्या आतल्या कडेवरून पुढच्या वळणाच्या आतल्या कडेकडे सरळ, कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून. जवळात जवळची वाट तीच. शिवाय अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. तुमच्या जादा अंतरातले २१ मीटर तिथले.

बाकीचे तीनशेच्या वर मीटर तुमचे आणि घड्याळाचे. डावीकडे पाण्याचं टेबल दिसलं की डावीकडे, उजवीकडे ढोल वाजला की उजवीकडे, पुढच्या घोळक्याला वळसा. उंच इमारतींमध्ये आणि उड्डाणपुलाखाली घड्याळ स्वतःच भरकटतं, ते वेगळंच. पुढच्या वेळी वळण दिसताच आतल्या कडेचा रोख धरा. आणि टार्गेटचा हिशेब घड्याळाच्या अंतरावर मांडा: सव्वा दोन तासांसाठी कागदावर ६:२४चा पेस (किलोमीटरमागे ६ मिनिटं २४ सेकंद) पुरतो, तुमच्या घड्याळावर मात्र ६:१८ दिसायला हवा.

प्रश्न: पुण्यातली मॅरेथॉन १९८३ पासूनची. त्याआधी पुण्यात लांब पल्ल्याचं पळणं नव्हतंच का?
– एक निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: होतं तर! १९८३ला सुरू झाली ती पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन, डिसेंबरातल्या पहिल्या रविवारची. पण १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत होती. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा ते बघून थक्क झाले आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा चमू गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आणि कोथरूडकरांनी हे जरूर वाचावं: अँटवर्पची ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ४२.१९५ हा १९०८च्या लंडन ऑलिंपिकचा आकडा १९२१ला कायम झाला. म्हणजे चौगुल्यांना आजच्यापेक्षा साडेपाचशे मीटर जास्त पळावं लागलं!

हाफला मात्र एवढी जुनी वंशावळ नाही. ऑलिंपिकमध्ये ती कधी नव्हतीच. जागतिक अजिंक्यपद १९९२ला सुरू झालं. पण आपल्या भागात तिने चांगलं मूळ धरलंय. साताऱ्यात २०१२पासून यवतेश्वरचा घाट चढून उतरायची हिल हाफ होते. बीडच्या अविनाश साबळेने २०२०मध्ये दिल्लीत एक तास तीस सेकंदांत हाफ संपवली, तेव्हा एक तास एक मिनिटाच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. साबळेचं नाव सगळे स्टीपलचेससाठी, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीसाठी घेतात. मला मात्र त्याची ही रेस जास्त आवडते.

प्रश्न: मुलीची पहिलीच हाफ आहे. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवायला कुठे उभं राहावं?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर: फिनिशला नको. तिथे बॅरिकेडमागून ती दिसणारही नाही, आणि तिथे माणूस कुणीही नसलं तरी पळतोच. सोळा ते अठरा किलोमीटरच्या दरम्यान, शक्यतो चढावर थांबा. पाय जड होतात ते तिथे. 'आता थोडंच राहिलं' असं ओरडू नका, पळणाऱ्याला राग येतो. नावाने हाक मारा. आणि कृपा करून वळणाच्या आतल्या बाजूला गर्दी करू नका, ती जागा पळणाऱ्यांची.