भंगारातली पवनचक्की : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भंगारवाल्याकडे तीन वस्तू मिळताहेत. जुना सीलिंग फॅन, जीपचा अल्टरनेटर आणि बंद पडलेल्या ई-स्कूटरचं मोटरवालं मागचं चाक. 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायला यातलं काय घ्यावं? (एक वाचक, पाटण)

उत्तर : डोळे झाकून चाक घ्या. बाकीच्या दोन वस्तूंवर बहुतेकांचे पैसे आणि रविवार वाया जातात.

साध्या सीलिंग फॅनमध्ये चुंबकच नसतं, त्यामुळे नुसता फिरवून वीज मिळत नाही. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी फॅनमध्ये चुंबकं असतात. आतला सर्किट बोर्ड काढून मोटरच्या तीन तारा बाहेर घेतल्या तर चालतो, पण त्याचं वाइंडिंग (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) बारीक असतं. त्याच्याकडून 10-20 वॅटच्या वर अपेक्षा ठेवू नये. जीपच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, अडचण वेगळीच. त्यातलं चुंबक विजेवर तयार होतं आणि त्यासाठी तो बॅटरीतून दोन-तीन अँपिअर, म्हणजे 25-35 वॅट, आधी खातो. शिवाय मिनिटाला हजारभर फेरे झाल्याशिवाय तो वीज देत नाही. लहान पवनचक्की साधारण वाऱ्यात 200 ते 350 फेऱ्यांवर असते. गिअर किंवा बेल्ट लावून फेरे वाढवता येतात, पण मग सुरुवातीला लागणारा जोरही तितक्याच पटीने वाढतो आणि हलक्या वाऱ्यात पाती जागची हलत नाहीत.

ई-स्कूटरच्या चाकात कायमची चुंबकं असतात आणि ते कमी फेऱ्यांसाठीच बनवलेलं असतं. भाव करण्याआधी तिथेच दोन मिनिटं तपासा. तीन जाड तारा मोकळ्या ठेवून चाक फिरवा, ते हलकं फिरायला हवं. मग कुठल्याही दोन जाड तारा एकमेकींना टेकवा, चाक अडखळत, घट्ट फिरेल. तिन्ही जोड्या अशाच तपासा. एखादी जोडी टेकवूनही चाक हलकंच फिरलं तर वाइंडिंग तुटलंय. तारा मोकळ्या असतानाही घट्ट फिरत असेल तर ते जळालंय. पाच बारीक तारा सेन्सरच्या असतात. त्या टेप लावून गुंडाळून ठेवा, आपल्याला उपयोग नाही.

घरी आणल्यावर तिन्ही जाड तारा सहा डायोडच्या थ्री-फेज ब्रिजला (एसीची डीसी करणाऱ्या जोडणीला) जोडा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवा. साडेचार-पाच व्होल्ट दिसले तर मिनिटाला 190 फेऱ्यांच्या आसपास 14 व्होल्ट मिळतील आणि तिथून चार्जिंग सुरू होईल. यात ब्रिजमध्ये गळणारा दीड व्होल्टही आला.

एक गोष्ट मात्र सांभाळा. या मोटरचा दांडा स्थिर राहतो आणि बाहेरचा भाग फिरतो. दांड्याला दोन बाजूंनी चपटं घासलेलं असतं. तो धरणाऱ्या 8 मिलिमीटरच्या पट्टीत भोकही तसंच चपटं कानसून घ्या. गोल भोक पाडून नुसता नट आवळला तर पहिल्याच ब्रेकला दांडा फिरतो आणि त्यातून बाहेर आलेल्या तारा सुतळीसारख्या पिळून तुटतात.

प्रश्न : पाती पीव्हीसी पाइपची चालतील का? मापं द्या. (एक वाचक, जत)

उत्तर : चालतात. सहा केजी दाबाचा 160 मिलिमीटरचा शेतीचा पाइप घ्या, 55 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. ड्रेनेजचा पातळ पाइप नको, तो वाऱ्यात वाकून खांबाला लागतो. परीघ साधारण 503 मिलिमीटर भरतो. भोवती कागद गुंडाळून त्याचे चार भाग करा, म्हणजे सव्वाशे मिलिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या निघतील. तीन वापरा, चौथी जपून ठेवा. एखादं पातं तुटलं की तिची आठवण येते.

प्रत्येक पट्टी बुडाशी 10 सेंटिमीटर पूर्ण रुंद ठेवा आणि तिथून टोकाला 50 मिलिमीटर राहील अशी एकाच बाजूने तिरकी कापा. ही तिरकी धार पुढची. ती कानसून गोल करा. सरळ राहिलेली धार मागची, ती पॉलिश पेपरने पातळ करा. पात्याची खोलगट बाजू वाऱ्याकडे हवी. ‘पाती फिरतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं बघावं, बऱ्याचदा ती उलटी बसवलेली असतात.

मोटरच्या झाकणावर पत्र्याची जाड गोल चकती बसवा. तिला मधे दांड्याच्या नटासाठी भोक ठेवा. ती ज्या बोल्टने आवळाल ते जुन्या बोल्टइतकेच आत जायला हवेत, लांब बोल्ट सरळ वाइंडिंगमध्ये घुसतो. पात्याला दोन-दोन 6 मिलिमीटरचे बोल्ट आणि नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट लावा. पात्याचं बूड केंद्रापासून 5 सेंटिमीटरवर आलं की टोक 60 वर येतं. आता टेपने टोक ते टोक तिन्ही अंतरं मोजा. प्रत्येक 104 सेंटिमीटर यायला हवं. तिन्ही पाती सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर सारख्या वजनाची करा. ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक चालेल, दहाचा नाही. वजन जुळलं तरी एक पातं दरवेळी खालीच येऊन थांबत असेल तर ते मागच्या धारेला थोडं घासा.

प्रश्न : पुण्यात चौथ्या मजल्याच्या गच्चीवर चक्की लावली आहे. पाती दिवसभर फिरतात, बॅटरी मात्र चार्ज होत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : फिरणं वेगळं, चार्ज करणं वेगळं. वाऱ्यातली ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. 120 सेंटिमीटर व्यासाच्या चक्कीवर 3 मीटर प्रति सेकंद वाऱ्याची ताकद जेमतेम 18 वॅट असते. घरगुती चक्की त्यातला पाव हिस्सा पकडते, म्हणजे हाती चार-पाच वॅट. 5 मीटरला साधारण 20 वॅट आणि 8 मीटरला 85. गच्चीवरचा वारा कठड्याला, टाकीला, शेजारच्या इमारतीला धडकून घोटाळलेला येतो. तो पाती कधी इकडे, कधी तिकडे वळवतो, पण ढकलत नाही. शंभर मीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्याहून पाती नऊ मीटर वर असावीत असा दंडक आहे. सोसायटीत ते जमणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्या गच्चीवर सोलर पॅनल लावणं शहाणपणाचं.

चक्कीचा खरा हंगाम चाळकेवाडीच्या किंवा ब्राह्मणवेलच्या पठारासारख्या उघड्या जागी, जून ते सप्टेंबरचा. तेव्हा ढगांमुळे पॅनल झोपलेलं असतं आणि वारा रात्रीही थांबत नाही. तिथे दोन्ही मिळून छान जमतं.

प्रश्न : सोलरचाच चार्ज कंट्रोलर चक्कीला लावला. बॅटरी भरली की चक्की भयंकर आवाज करत सुटते. परवा एक पातं उडालं. (एक वाचक, साक्री)

उत्तर : कंट्रोलरने त्याचं काम चोख केलं. बॅटरी भरली की तो पॅनल तोडतो. पॅनलला त्याने काही होत नाही. चक्कीच्या अंगावरचा भार मात्र निघून जातो आणि ती त्याच वाऱ्यात दीडपट-दुप्पट वेगाने पळते. वेग दुप्पट झाला की पात्यांवरचा ताण चौपट होतो. व्होल्टही तसेच चढतात आणि एक दिवस कंट्रोलरही जातो.

चक्की बॅटरीला कायम जोडलेली ठेवा आणि जास्तीची वीज बॅटरीतून जाळा. व्होल्टेज बघून चालू-बंद होणारं रिले (विजेवर चालणारं स्विच) मॉड्यूल 14.4 व्होल्टला चालू, 13.5 ला बंद असं लावा. त्यावर 30 अँपिअरचा गाडीचा रिले आणि त्यावर गाडीच्या हेडलाइटचे 55 वॅटचे चार हॅलोजन बल्ब जोडा. ते तापतात, म्हणून पत्र्यावर बसवा, गवताच्या गंजीपासून दूर. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ 30 अँपिअरचा फ्यूज हवाच.

ब्रेकसाठी ब्रिजच्या आधी तिन्ही तारा एकत्र शॉर्ट करणारं स्विच लावा. वादळ येण्याआधी किंवा वारा क्षणभर पडल्यावर ते दाबा. भर वेगात दाबलं तर चक्की थांबेलच असं नाही, वाइंडिंग मात्र जळू शकतं. उडालेलं पातं एकटं बदलू नका, तिन्हीचं वजन पुन्हा जुळवा.

प्रश्न : मलावीतल्या मुलाने सायकलच्या डायनामोवर चक्की केली म्हणतात. मग आपण एवढी मोटर का शोधायची? (एक वाचक, मालवण)

उत्तर : विल्यम काम्क्वाम्बाने 2002 मध्ये सायकलची चौकट, ट्रॅक्टरचा पंखा आणि पीव्हीसीची पाती वापरून ती केली होती. त्यातली खुबी सायकलमध्ये आहे. चेन मागचं चाक फिरवते, टायर डायनामोची इवलीशी चाकी घासतो, आणि 28 इंची चाकाच्या एका फेऱ्यात ती पस्तीसेक फेरे घेते. आपल्याकडचा जुना डायनामो साधारण 6 व्होल्ट, 3 वॅटचा. शाळेच्या प्रकल्पाला उत्तम आहे. पावसात टायर ओला झाला की चाकी घसरते, एवढं मालवणात लक्षात ठेवा.

प्रश्न : खांबापासून खोलीपर्यंत 15 मीटर तार लागेल. घरची दीड एमएमची चालेल? (एक वाचक, खटाव)

उत्तर : नको. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेतही जाऊन-येऊन 30 मीटरवर 6 अँपिअरला सव्वा व्होल्टच्या वर गळतो. चार एमएमची घ्या, किंवा बॅटरी खांबाच्या पायथ्याशी पेटीत ठेवा. वर फिरत्या डोक्यातून येणाऱ्या तारेला पीळ बसत जातो. खांबाच्या बुडाशी प्लग ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून पीळ सोडवा. प्लग काढायच्या आधी पाती दोरीने बांधायला विसरू नका.