विहीर नकाशात होती

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं तालुका कोर्टात दिवाणी वकिली करतो. माझे सीनियर म्हणतात, सहायक सरकारी वकिलाच्या जागेसाठी अर्ज कर. बाररूममधले मित्र मात्र हसतात. 'दिवाणी बाजूचा सरकारी वकील म्हणजे तारखा मागणारा माणूस. फौजदारीसारखं नाव नाही, पैसाही नाही,' असं त्यांचं म्हणणं. काम नेमकं काय असतं? शिकायला मिळतं का? मानधनाचं काय? – एक वकील वाचक

उत्तर : तारखा मागणारा माणूस, हे खरंच आहे. मी अकरा वर्षं मागितल्या. का मागाव्या लागतात, ते तुमच्या मित्रांना ठाऊक नसावं.

खासगी पक्षकार समोर बसतो, रडतो, खोटं बोलतो, फी कमी करा म्हणतो. पण तो असतो तरी. 'महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी' हा पक्षकार कधी खुर्चीत येऊन बसत नाही. येतो तो एखादा कारकून, ज्याच्याकडे तो टेबल गेल्याच आठवड्यात आलेला असतो. ज्यांना खरं माहीत असतं ते तलाठी भाऊसाहेब तीन बदल्यांपूर्वीच गेलेले. तुम्ही अभिप्राय मागवता, स्मरणपत्र पाठवता, मग फोन करता. इकडे कैफियतीचे, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायचे, ३० दिवस संपतात, फार तर ९० मिळतात. न्यायाधीश विचारतात, 'सरकारी वकील, से कुठे आहे?' से म्हणजे तुमच्या बाजूचं लेखी म्हणणं. ऐकून घेणं तुमच्या वाट्याला.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस का द्यायची? सरकारनं त्या काळात विचार करावा, देणं असेल तर देऊन टाकावं म्हणून. प्रत्यक्षात ते दोन महिने आवक नोंदवहीत जातात. म्हणून माझा पहिला सल्ला : नोटिशीची प्रत आली की दाव्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी फाइल मागा.

शिकायला मिळतं का, तर एक प्रकरण सांगते. रस्त्यासाठी जमीन गेली होती, जुन्या १८९४ च्या कायद्याखाली. शेतकऱ्याचं म्हणणं, माझी विहीर भरपाईच्या निवाड्यात धरलीच नाही. आमच्या कार्यालयाचा अभिप्राय एका ओळीचा : 'सदर गटात विहीर नाही.' मी संयुक्त मोजणीचा कागद मागितला. तीन तारखांनंतर कारकुनानं लाल फडक्यातलं बासन आणलं. नकाशा घड्यांवर फाटलेला. आणि बांधाच्या कडेला भूकरमापकानं शाईनं काढलेला छोटासा गोल, शेजारी 'वि'.

साहेबांना तो दाखवला, तर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही सरकारच्या वकील की त्याच्या?' मी म्हटलं, 'साहेब, याची नक्कल उद्या तोही काढेल. आज नाही म्हणालात तर वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चढत राहणार, ते कुणी भरायचं?' लेखी द्या म्हणाले. दिलं. त्यावर सही व्हायच्या आत त्यांची बदली झाली, नव्यांनी केली. विहीर आम्ही वादात ठेवलीच नाही. भांडलो ते जमिनीच्या दरावर, आणि तिथे मी त्याच्या वकिलाला घाम फोडला. त्यानं पुरावा म्हणून दिलेली खरेदीखतं गावठाणालगतच्या तुकड्यांची होती, जमीन मात्र ओढ्याकाठची. हे मला खतांवरून कळलं नव्हतं; फेरफार वाचता वाचता कळलं. सातबारा, फेरफार, मोजणी यांचा जेवढा सराव इथे होतो, तेवढा खासगीत वीस वर्षांत होणार नाही.

अपिलाबाबत मात्र कडक राहा. निकाल विरुद्ध गेला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा आणि आपलं मत लिहून पाठवायचं : अपील करावं किंवा करू नये. 'करू नये' लिहायला हात धजत नाही, कारण उद्या कुणी विचारलं तर? तरी लिहायचं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, ही सबब आता पचत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया प्रकरणात सरकारी खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ केला नाही. उशीर कार्यालयाचा असला तरी माफीच्या अर्जावर उभं राहून बोलायचं तुम्हालाच असतं.

राहिलं मानधन. माझी बिलं कधीच वेळेवर निघाली नाहीत. त्यावर घर चालवायचा हिशोब मांडू नका आणि खासगी कामं एकदम सोडू नका. सरकारविरुद्धची मात्र घेता येणार नाहीत. आज तुमच्या हातात तशी किती आहेत ते मोजा, आणि अर्ज करण्याआधी त्या पक्षकारांना भेटून त्यांची कागदपत्रं कुणाकडे सोपवायची ते ठरवा.