गावात मुलांच्या आरोग्याचा अभ्यास सुरू होतोय, पण बायका माहिती ऐकायलाच येत नाहीत. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की गावात गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास सुरू होतोय, बचत गटाच्या अध्यक्ष म्हणून माणसं गोळा करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, आणि दोन बैठकांना मिळून अकरा जणी आल्या. मी पुणे जिल्ह्यात अशाच एका अभ्यासात नऊ वर्षं गावोगाव फिरायचं काम केलं. आमच्या पहिल्या बैठकीला चौघी होत्या, त्यात एक अंगणवाडीताई आणि एक मदतनीस. तुमच्या अकरा म्हणजे बरंच बरं आहे.

आधी माझा घोळ सांगते. एका गावात मी हौसेने देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करवला, 'उद्या दहा वाजता शाळेत लहान मुलांचं रक्त तपासणार आहेत, सगळ्यांनी यावं.' दुपारपर्यंत गावभर झालं की पोरांचं रक्त काढून पुण्यात विकतात. पुढे तीन महिने त्या गावात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि दोष त्यांचा नव्हताच. भोंग्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही, मग माणसं एकमेकांना विचारतात आणि उत्तरंही एकमेकांनाच देतात.

त्याच गावात एका आजींनी मला वळण लावलं. नात दीड वर्षाची. मी नेहमीचं पाठ केलेलं बोलले. आजी म्हणाल्या, "रक्त किती काढणार ते सांग." मी म्हटलं, पाच मिलीलीटर. "म्हणजे किती?" मला सांगता येईना. शेवटी पिशवीतून बिनसुईची सिरिंज काढली, त्यांच्याच हंड्यातलं पाणी पाचच्या रेघेपर्यंत ओढलं आणि चहाच्या चमच्यात सोडलं. चमचा काठोकाठ भरला, सांडला नाही. आजी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढंच व्हय? एवढं तर गोठ्यात गोचीड पिऊन जातंय." सूनबाई आत हसली. त्या दिवसापासून सिरिंज आणि स्टीलचा चमचा माझ्या पिशवीत कायम असायचे. तुमच्याकडे किती रक्त घेणार, सुईने की बोट टोचून, वर्षातून किती वेळा, हे आधी अभ्यासवाल्यांकडून नीट काढून घ्या आणि असंच दाखवा. निम्मी भीती आकड्याची असते.

वजनाचंही तसंच. बाळाचं वजन केलं की दृष्ट लागते, हे आमच्याकडे बऱ्याच घरांत मानतात. आमच्यातले नवे पोरगे त्यावर भाषण द्यायचे, आणि भाषण झालं की बाळ आत जायचं. मी फक्त थांबायचे. आई काजळाची तीट लावायची, मग बाळ काट्याच्या झोळीत. दोन मिनिटांचा प्रश्न.

बैठक कधी घेता ते तुम्ही लिहिलं नाही, पण सकाळी अकराची असेल तर कुणी येणार नाही. तेव्हा बायका रानात असतात. धारा काढून झाल्यावर, संध्याकाळी, एकेका आळीत आठ-दहा जणींची बसा. जानेवारीत हळदीकुंकू असतंच, तिथे वाण घेताना जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या कुठल्या सभेत होत नाहीत. आणि सुनेला एकटीला गाठू नका. घरात होकार सासूचा चालतो, मग सासूलाच आधी सांगा ना. तुमच्या गावातून माणसं ऊसतोडीला जात असतील तर हे सगळं दसऱ्याच्या आत उरका, नाहीतर ज्या मुलांना याची सगळ्यात जास्त गरज आहे तीच यादीतून सुटतील. पहिलटकरणी बाळंतपणाला माहेरी जातात, त्याचं काय करणार हेही विचारून ठेवा. आमचा काटा कित्येकदा एसटीने माहेरी गेलाय!

'पण आम्हाला काय मिळणार?' हा प्रश्न येणारच. इथे फार सांभाळून. फुकट औषधपाणी मिळेल असं चुकूनही सांगू नका. अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. काही आजार सापडला तर दवाखान्यात पाठवतील, एवढं बहुतेक ठिकाणी करतात. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला रोज मिळेल का ते विचारून घ्या आणि जे आहे तेवढंच सांगा.

मी या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगायचे. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची नोंद सुरू केली. दिवस राहिले की ताटात काय, कामं कोणती, रक्तात काय, सगळं लिहून घेतलं. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण नीट मोजल्यावर दिसलं की या किडकिडीत बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. पुढे मधुमेह का होतो याचा एक धागा तिथे सापडला. बहुतेक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि ज्या बायका गरोदरपणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं जरा मोठी भरत होती. हे शेवटचं सांगितलं की बायका एकमेकींकडे बघायच्या, कारण दूध डेअरीला जातं आणि उरलंच तर घरातल्या पुरुषांच्या चहात. तेव्हाची बाळं आज तिशीतली आहेत. 'त्या सहा गावांतल्या बायकांनी आपलं ताट दाखवलं म्हणून हे आपल्याला कळलं,' एवढंच मी म्हणायचे.

आपल्या राज्याचा एक आकडाही उपयोगी पडेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. बैठकीत दहा मुलं असतील तर सात म्हणून मोजून दाखवा.

आता एक गोष्ट तुमच्यासाठी. लोक तुमच्या तोंडाकडे बघून सही करणार आहेत, तेव्हा तुमचं समाधान आधी होऊ द्या. भाग घेणाऱ्यांचं हित सांभाळलं जातंय का हे तपासणारी नैतिकता समिती असते, तिची मंजुरी आहे का, आणि ती समिती कुणाची? नुसती मोजमापं आहेत की औषध किंवा लस देऊन बघणार आहेत? देणार असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे औषध-लशींच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, तो नसेल तर गप्प घरी या. रक्ताचे नमुने कुठे राहणार? नाव कुणाला कळणार? मधूनच सोडलं तर चालेल ना? आणि नाही म्हटलं तर अंगणवाडीचा आहार बंद होणार नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगावं. तुम्ही सांगून पुरणार नाही, कारण ही धास्ती खोलवर असते.

हे मी उगाच म्हणत नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग टाळणारी, लस देण्याचा प्रकल्प झाला. आंध्रात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, लस चांगली आहे. पण प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीने फार कडक ताशेरे ओढले. म्हणून संमतीपत्र जागच्या जागी सही करून घेऊ नका. रात्रभर घरी राहू द्या. वाचता न येणाऱ्या बाईला घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी वाचून दाखवेल, तुम्ही नाही.

आमच्या अभ्यासाची सगळ्यात मोठी खोट अशी की सुरुवातीला आम्ही मोजून निघून जायचो आणि कागद परत यायचा नाही. एक बाई म्हणाली, "काटा तुमचा, पोरगं आमचं, आणि वजन तुम्हालाच ठाऊक." नंतर आम्ही प्रत्येक घरी एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं: तारीख, वजन, उंची, हिमोग्लोबिन. ती कार्डं बायकांनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. पुढची बैठक भरायला मग मला फार फिरावं लागलं नाही. तुमच्याकडे असं कार्ड देणार आहेत का, हे पहिल्या दिवशीच विचारा. नसतील देणार, तर गटाच्या पैशातून शंभर छापून घ्या, फार खर्च येत नाही.

काही घरं शेवटपर्यंत नाहीच म्हणतील. आमच्याकडे एक घर सहा वर्षं नाही म्हणत होतं, आणि त्याच घरात दर खेपेला मला चहा मिळायचा. त्यांना त्यांचं नाही म्हणू द्या, आणि पुढच्या बैठकीचं आवतण न चुकता द्या.