सीनियर कॉलेजच्या वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं? प्रोजेक्टर लावला की मुलं पेंगतात.

पेंगणारच. खिडक्या लावून, अंधार करून पंख्याखाली बसवलं तर मीही पेंगेन.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सुरुवातीला मीही पीपीटीवालाच होतो. रात्री जागून स्लाइड्स करायच्या आणि पावसाळ्यात नेमकी तिसऱ्या स्लाइडला लाईट जायची. शेवटी मुलांच्या खिशातलंच यंत्र कामाला लावलं.

फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीत आखेनच्या विद्यापीठाने केलेलं. फोनमधल्या सेन्सरांनी मोजमाप करतं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडे रेंजसाठी गेटपर्यंत जावं लागतं, त्यामुळे हे फार मोलाचं.

एफवायला ध्वनीचा वेग असा काढतो. व्हरांड्यात १० मीटर अंतरावर दोन फोन, दोन्हींत आवाजावर चालणारं स्टॉपवॉच. एका फोनजवळ टाळी वाजली की दोन्ही सुरू, दुसऱ्याजवळ वाजली की दोन्ही बंद. पहिल्या टाळीचा आवाज दुसऱ्या फोनपर्यंत उशिरा पोचतो आणि दुसऱ्या टाळीचा पहिल्यापर्यंत, म्हणून दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला दोनदा १०, म्हणजे २० मीटर जायला लागलेला वेळ. ऑक्टोबरच्या उकाड्यात वीसदा मोजलं. सरासरी ०.०५७ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ३५१ मीटर.

"सर, चुकलं. पुस्तकात ३४३ आहे."

मी गप्प. बाजूच्याशी वाद घालून ठरवा म्हटलं. (ही युक्ती माझी नव्हे; हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वर्गात असंच करत आलेत.) पाचेक मिनिटं नुसता गोंगाट. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "ते २० अंशाचं आहे ना? आपल्याकडे २० अंश कधी असतं?"

तापमान एक अंश वाढलं की वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणजे ३० अंशाला ३४९. उरलेले दोन मीटर पोरं दमट हवेच्या नावावर टाकून मोकळी झाली. दमट हवेत वेग किंचित वाढतो हे खरं, पण इथे एक मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी सहा मीटर हलतात. एरर ॲनालिसिस, म्हणजे मोजमाप किती चुकू शकतं याचा हिशेब, ज्याला एरवी सगळे कंटाळतात, ते तिथेच व्हरांड्यात सुरू झालं.

प्रत्येकाकडे फोन हवा असं नाही, सहा जणांत दोन पुरतात. फक्त जुलैत हे करू नका. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की स्टॉपवॉच आपोआप चालू-बंद होत राहतं. माझं एक अख्खं प्रॅक्टिकल त्यात वाहून गेलंय.