होस्टाची बाग बघायला जावं का? आणि तशी बाग बेळगावात होईल का?

मुलाकडे मिनेसोटाला जाणार आहात, जवळच्या पार्कात स्वयंसेवकांनी सांभाळलेली होस्टाची, म्हणजे सावलीत वाढणाऱ्या, पानांसाठी लावायच्या झाडाची बाग आहे, ती बघण्यासारखी असते का आणि आल्यावर निपाणीत किंवा बेळगावात तशी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यापायी मी तीन वर्षं बोलणी खाल्लीत. नाही होणार.

मी तिकडे लेकीकडे गेले तेव्हा जून होता. मोठमोठ्या झाडांच्या सावलीत नुसती पानंच पानं. लांबून मला अळूचा मळाच वाटला. जवळ गेले तर एक पान ताटाएवढं पिवळसर, तर दुसरं माझ्या अंगठ्याएवढं, निळं. त्या निळ्या पानावरून मी बोट फिरवलं आणि मागून एक सत्तरीच्या बाई लगबगीनं आल्या. रागावल्या नाहीत. माझ्या बोटानं उमटलेली हिरवी रेघ तेवढी दाखवली. त्या पानाचा स्वतःचा रंग हिरवाच असतो. द्राक्षाच्या मण्यावर असतो तसा पांढुरका मेणाचा थर त्यावर असतो, म्हणून ते निळं दिसतं. एकदा पुसला गेला की त्या पानावर तो परत येत नाही. मला इतकं अपराधी वाटलं की संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर कामालाच गेले.

काम म्हणजे गोगलगाई वेचायच्या, बिनशंखाच्या. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन पान न् पान उलटायचं आणि सापडेल ती साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. त्या बाई हे पगाराशिवाय कित्येक वर्षं करत होत्या. ही झाडं मूळची जपान, कोरिया, चीनकडची आणि जपानात कोवळे कोंब भाजीसारखे खातात, हेही त्यांनीच सांगितलं. अळूवडीवर वाढलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं.

परत आले ती हेच डोक्यात घेऊन. बेळगावात टिळकवाडीत आम्ही सात-आठ जण एका उद्यानाचा आंब्याखालचा कोपरा सांभाळतो. ऑनलाइन तीन गड्डे मागवले, लाल मातीत शेणखत आणि पालापाचोळा मिसळून लावले. माळीमामा म्हणाले, "अळूच की हे, अक्का!" पहिल्या पावसाळ्यात पानं काय सुंदर आली. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला दोन-दोन, तीही लहान. तिसऱ्या वर्षी उकरून बघितलं तर गड्डे वाळून गेलेले.

आमच्यातले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "सांभाळता येत नाही तर आणायचं कशाला?" अजूनही म्हणतात. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. मी एक दिवस पाणी चुकवलं नाही. होस्टाला हिवाळ्यात झोप लागते, आणि ती पुरी व्हायला साधारण सहा आठवडे चार-पाच अंशांच्या खालची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत रात्री बारा-तेरा अंश झाले की आपण कानाला मफलर गुंडाळतो, पण त्या गड्ड्याला ते पुरत नाही. झोप न झालेलं झाड दरवर्षी खंगत जातं. यात खताचा दोष नाही आणि माझाही नाही.

आपल्या मातीतली अशी गड्ड्यांची झाडं उलटी वागतात. ती उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतात आणि रोहिणी-मृगाच्या पावसाला उठतात. आता त्याच कोपऱ्यात पेव लावलाय. जांबोटीच्या रस्त्याला पावसाळ्यात दिसतो तोच, जिन्यासारखी वळत जाणारी पानं आणि लाल कणसातून येणारं कागदासारखं पांढरं फूल. बाजूला नेचे आणि अळूसारख्या रंगीत पानांचं कॅलेडियम. सावलीत नुसत्या पानांची बाग बघायची हौस त्यातही पुरी होते. काका तिथेच उभे राहून फोटो काढतात.

हां, पेव नर्सरीतून घ्या, रानातून उपटून आणू नका. अळू लावलात तर मुलांच्या हाताला खाज सुटेल, वाटेपासून लांब लावा. आणि होस्टाचा गड्डा थंडीत फ्रीजमध्ये ठेवून काही हौशी लोक एखादी कुंडी जगवतात हेही खरं. घरी करून बघा, सार्वजनिक बागेत त्या भरवशावर राहू नका.

राहिलं तुमचं जाणं. जरूर जा, जूनमध्ये जा. ऑगस्टपर्यंत उन्हापावसानं निळी पानं हिरवी पडतात. फुलं येतात, पण फुलांसाठी जाऊ नका. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, सावलीत डास फार. पानांना हात लावू नका. कोणी गुडघे टेकून काम करताना दिसलं तर थांबून बोला, आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन येऊ का म्हणून विचारा.