ऑस्कर वाइल्डची कादंबरी ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही नीतिकथा आहे की नीतीची थट्टा?

माझ्या मते नीतिकथाच, लेखकाने कितीही नाकारलं तरी. १८९० मध्ये ती मासिकात आली तेव्हा समीक्षकांनी अनैतिक म्हणून झोडपली. वाइल्डने १८९१ च्या पुस्तकाला प्रस्तावनाच जोडली: पुस्तक नैतिक किंवा अनैतिक नसतं, फक्त चांगलं किंवा वाईट लिहिलेलं असतं. (आणि कला म्हणे निरुपयोगी!)

पण कथेत काय घडतं? डोरियन तरुणच राहतो, त्याच्या पापांच्या खुणा त्याच्या काढलेल्या चित्रावर उमटतात. त्याची प्रेयसी, नटी सिबिल, हिचा अभिनय एका रात्री फसतो आणि याचं प्रेमच आटतं. रूपाचा गर्व तिथे खरा उघडा पडतो. शेवटी तो चित्रावर सुरी चालवतो, मरतो स्वतः. चित्र मात्र पुन्हा पूर्वीसारखंच देखणं. प्रस्तावना कादंबरी संपल्यावर वाचा.